हाफकिन : तुपाचे थेंब आणि एक बाटली

परळला के.ई.एम.चा रस्ता विचारला तर माणूस हमखास सांगतो, हाफकिनच्या पुढे. हाफकिन म्हणजे सापाच्या विषावरचं इंजेक्शन, पोलिओचे डोस, मोठं आवार आणि जुनी झाडं, एवढं मुंबईत राहणाऱ्याला साधारण ठाऊक असतं. पण हाफकिन हे एका माणसाचं आडनाव आहे, तो रशियातून आला होता, डॉक्टर नव्हता, आणि ज्या शहरात त्याने आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम केलं त्याच शहरातून त्याला आरोप डोक्यावर घेऊन जावं लागलं, हे फार थोड्यांना माहीत असतं. आपल्या अंकात दरवर्षी विश्वेश्वरय्या आणि कलाम असतातच (असायलाच हवेत). यंदा म्हटलं, जवळच्याच परळच्या माणसाला थोडी जागा देऊ.

वाल्देमार मोर्देकाय हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी काळ्या समुद्राकाठच्या ओडेसा शहरात एका ज्यू कुटुंबात झाला. ओडेसा तेव्हा रशियन साम्राज्यात होतं, आज युक्रेनमध्ये आहे. तिथल्याच विद्यापीठात ते प्राणिशास्त्र शिकले आणि गुरू मिळाले इल्या मेचनिकॉव्ह. स्टारफिशच्या अळीला काटा टोचला की तिच्या अंगातल्या काही पेशी धावत येऊन त्या काट्याला घेरतात, हे ज्यांनी १८८२ मध्ये पाहिलं आणि त्यावरून प्रतिकारशक्तीचं एक अख्खं शास्त्र उभं केलं, ते हेच मेचनिकॉव्ह. पुढे १९०८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

हाफकिन मात्र नुसते अभ्यासू विद्यार्थी नव्हते. १८८१ मध्ये झारचा खून झाला आणि त्याचं खापर ज्यूंवर फुटलं. ओडेशात ज्यूंच्या घरांवर हल्ले सुरू झाले. स्वसंरक्षणासाठी ज्यू तरुणांनी जी तुकडी केली तिच्यात हे होते. जखमी झाले, अटकही झाली. मेचनिकॉव्हनी शब्द टाकला म्हणून सुटका झाली. शिक्षण पूर्ण झाल्यावर विद्यापीठात नोकरी मिळण्यासारखी होती, पण अट एकच, धर्म बदलून ख्रिस्ती व्हायचं. हाफकिननी नकार दिला आणि ओडेशाच्या प्राणिसंग्रहालयात, म्हणजे पेंढा भरलेल्या आणि बाटलीत ठेवलेल्या प्राण्यांच्या संगतीत, १८८८ पर्यंत काम केलं.

त्या वर्षी ते जिनिव्हाला गेले आणि १८८९ मध्ये पॅरिसला. मेचनिकॉव्ह तिथं पाश्चरच्या नव्या संस्थेत आधीच पोचले होते. जागा एकच शिल्लक होती, ग्रंथालयात. हाफकिननी ती घेतली. दिवसा पुस्तकं लावायची आणि उरलेल्या वेळात प्रयोगशाळेत बसायचं. आपल्याकडे कोअर कंपनीत जागा नाही म्हणून मिळेल ती नोकरी पकडणारे सिनियर्स सगळ्यांनी पाहिलेत. त्यातलाच हा प्रकार!

पॅरिसमध्ये त्यांनी कॉलरा हातात घेतला. कॉलऱ्याचे जंतू गिनीपिगच्या पोटात टोचायचे, तिथून काढून दुसऱ्या गिनीपिगला, मग तिसऱ्याला. अशा ३९ फेऱ्यांनंतर जंतूंचा जोर कितीतरी वाढला. मग त्यांची एक मवाळ आणि एक जहाल अशी जोडी तयार केली. आधी मवाळ टोचायची, काही दिवसांनी जहाल. १८ जुलै १८९२ रोजी हाफकिननी ही लस आधी स्वतःला टोचून घेतली. ताप आला, अंग दुखलं, काही दिवसांत उतरलं. मग मित्रांना टोचली. त्याच वर्षी रशियात कॉलऱ्याने कहर केला होता. त्यांनी आपली लस मायदेशाला देऊ केली, पण रशियाने ती घेतली नाही. पॅरिसमध्ये तेव्हा इंग्लंडचे राजदूत होते लॉर्ड डफरिन, आपले माजी व्हाइसरॉय. त्यांनी हिंदुस्थानचं नाव सुचवलं.

मार्च १८९३ मध्ये हाफकिन कलकत्त्याला उतरले. पुढची अडीचेक वर्षं आग्र्यापासून आसामच्या चहामळ्यांपर्यंत फिरत त्यांनी जवळजवळ ४२,००० लोकांना लस टोचली. कलकत्त्याच्या बस्त्यांमध्ये सुरुवातीला दगडही खाल्ले असं सांगतात. तिथं मदतीला हिंदी डॉक्टर होते, त्यांनी लोकांसमोर आधी स्वतःला टोचून घेतल्यावर मग रांगा लागल्या. १८९४ मध्ये कट्टल बागान बस्तीत दोनशेच्या आसपास वस्तीपैकी ११६ जणांनी लस घेतली. त्यानंतर तिथं कॉलऱ्याचे आणखी १० रुग्ण झाले आणि ७ दगावले. सगळेच्या सगळे लस न घेतलेल्यांपैकी. हाफकिन यांची कामाची पद्धत इथं दिसते. जमेल तिथं एकाच घरातल्या, एकाच बरॅकीतल्या, एकच पाणी पिणाऱ्या लोकांत लस घेतलेले आणि न घेतलेले अशी तुलना करायची. हे करताना त्यांना मलेरिया झाला आणि १८९५ मध्ये तब्येत सुधारायला परत जावं लागलं. १८९६ मध्ये ते पुन्हा आले, आणि त्याच वर्षी मुंबईत प्लेग आला.

२३ सप्टेंबर १८९६ रोजी मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या गोवेकर डॉक्टरांनी हा रोग ओळखला. (धोबी तलावाला मेट्रो सिनेमासमोर ज्यांचा पुतळा आहे ते हेच.) जांघेत किंवा काखेत गाठ, तडकून ताप, आणि तीन-चार दिवसांत खेळ खलास. त्या वेळच्या मराठीत याला ग्रंथिक सन्निपात म्हणत. मांडवीच्या धान्याच्या वखारींतून तो गिरगाव, भायखळा, परळ, सगळीकडे पसरला. आठ लाखांच्या मुंबईतून काही महिन्यांत निम्म्याच्या आसपास माणसं गावाकडे पळाली. ज्या गिरण्यांवर लालबाग-परळ उभं होतं त्यांना माणूस मिळेना. सरकारने घरं तपासायला, माणसं उचलून न्यायला सुरुवात केली. इस्पितळात नेलेला माणूस परत येत नाही ही भीती एवढी पसरली की ऑक्टोबर १८९६ च्या शेवटी हजारभर गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. पुढे पुण्यात काय झालं ते शाळेच्या पुस्तकात आहेच. रँडचा खून २२ जून १८९७ चा. त्याआधी १० मार्चला सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करतानाच गेल्या.

हाफकिन ऑक्टोबर १८९६ च्या पहिल्या आठवड्यात कलकत्त्याहून मुंबईत आले. त्यांना भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात एक खोली आणि एक व्हरांडा मिळाला. माणसं मिळाली चार : एक कारकून आणि तीन मदतनीस, ज्यांना प्रयोगशाळेचं कसलंच शिक्षण नव्हतं. प्लेगचा जंतू येर्सिन यांनी हाँगकाँगमध्ये शोधून काढल्याला जेमतेम दोन वर्षं झाली होती. तो उंदरावरच्या पिसवेतून माणसात येतो हे तर कोणालाच माहीत नव्हतं. ते सिमाँ यांनी कराचीत १८९८ मध्ये सांगितलं.

आता खरी अडचण ऐका. लस करायची म्हणजे जंतू पोत्यांनी वाढवायला हवेत. ते वाढतात मांसाच्या रशात. युरोपात त्यासाठी गाईचं मांस सर्रास वापरत. हिंदुस्थानात तसल्या रशातली लस अंगात घ्यायला कोण पुढे येणार? हाफकिननी बकऱ्याचं मांस वापरलं. दुसरी अडचण अशी की प्लेगचा जंतू रशात सुटा सुटा वाढला तर फार थोडा वाढतो आणि तळाशी बसतो. त्याला वरच्या बाजूला, हवेजवळ, धरून ठेवायला काहीतरी आधार हवा. हाफकिननी रशावर तुपाचे थेंब सोडले.

मेसच्या आमटीवर तेलाचा तवंग कसा तरंगतो ते आपण रोज दोन वेळा पाहतोच. तसेच ते तुपाचे थेंब. त्या थेंबांच्या खालच्या बाजूला जंतू चिकटतात आणि खाली खाली वाढत जातात, वडाच्या पारंब्या लोंबाव्यात तसे. फ्लास्क हलवली की पारंब्या तुटून तळाशी जातात आणि थेंबाखाली नवं पीक सुरू होतं. पाचसहा आठवडे हे चालू ठेवायचं. मग सगळं ६५ ते ७० अंशांवर तासभर तापवून जंतू मारायचे आणि वर थोडं कार्बोलिक ॲसिड घालायचं. यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे त्या पारंब्यांचा दुसरा उपयोग. हाफकिनांच्या अनुभवात दुसरे जंतू अशा पारंब्या करत नव्हते. त्यामुळे फ्लास्कमध्ये प्लेगच आहे की भलतंच काही शिरलंय, हे नुसतं उजेडात धरून कळायचं. सूक्ष्मदर्शकाला रांग असेल तर यासारखी तपासणी नाही. कोपऱ्यावरच्या वाण्याकडे मिळणाऱ्या पदार्थाने कल्चर आणि क्वालिटी कंट्रोल दोन्ही भागवलं!

तीन महिने दिवसरात्र काम चाललं. मदतनिसांपैकी एकाचं डोकं कामाच्या ताणाने बिघडलं, दोघे सोडून गेले. १० जानेवारी १८९७ रोजी ग्रँट मेडिकलच्या प्राचार्यांसमोर डॉ. सर्व्हेयर यांनी हाफकिनना १० घन सेंटिमीटर लस टोचली. नंतर लोकांना जो डोस देत त्याच्या हा तिप्पट-चौपट. सडकून ताप आला, तो उतरला. मग महिन्याच्या अखेरीला भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तीनशेवर कैद्यांपैकी निम्म्याच्या आसपास कैदी स्वखुशीने लस घ्यायला पुढे आले. तुरुंग म्हणजे एकच स्वयंपाकघर, एकच छप्पर. टोचणीच्या दिवशीच ज्यांच्या अंगात रोग शिरलेला होता असे काही सोडले, तर पुढच्या आठवड्यात लस घेतलेल्यांपैकी दोघांनाच प्लेग झाला आणि दोघेही वाचले. न घेतलेल्यांत बाराजणांना झाला, त्यातले निम्मे गेले.

इथं जरा थांबून एक प्रश्न विचारायला हवा. मेलेले जंतू टोचले तर शरीर शिकतं ते नेमकं कुठं आणि कसं? हाफकिनना याचं उत्तर माहीत नव्हतं. त्यांच्या गुरूंचं म्हणणं होतं की खाणाऱ्या पेशी हुशार होतात. जर्मन म्हणत की रक्ताच्या पाण्यात काहीतरी तयार होतं. दोघेही बरोबर निघाले, पण मधला दुवा दोघांकडेही नव्हता. तो दुवा म्हणजे टी-पेशी. थायमस ही छातीच्या हाडामागची छोटी ग्रंथी प्रतिकारशक्तीचं केंद्र आहे हे जॅक मिलर यांनी १९६१ मध्ये दाखवलं. तोवर ती निरुपयोगी समजत असत.

आणि गंमत अशी की या टी-पेशींच्या कारभारात पुन्हा तूपच आडवं येतं. म्हणजे तूप नव्हे, स्निग्ध रेणू. प्रत्येक पेशीला तेलकट रेणूंचं दुहेरी आवरण असतं. ते नुसतं पाणी अडवणारं प्लास्टिक आहे असं पूर्वी वाटायचं. पण त्या आवरणात पी.आय.पी.-२ नावाचा एक स्निग्ध रेणू थोड्या प्रमाणात असतो. टी-पेशीच्या ग्राहीला ओळखीचा जंतूचा तुकडा सापडला की एक एन्झाइम येऊन या रेणूचे दोन तुकडे करतं. एक तुकडा, डायॲसिलग्लिसरॉल, आवरणातच राहून तिथली यंत्रणा चालू करतो. दुसरा, आय.पी.-३, आत सुटतो आणि पेशीतला साठवलेला कॅल्शियम मोकळा करतो. दोन तारा, दोन सिग्नल, आणि काही मिनिटांत झोपलेली पेशी कामाला लागते. थायमसमध्ये कच्च्या टी-पेशींची निवडसुद्धा याच सिग्नलच्या जोरावर होते. सिग्नल अजिबात नाही तर ती पेशी मरते, फार जोराचा आला तर ती आपल्याच शरीरावर उठेल म्हणून तिलाही मारतात, आणि बेताचा आला तर पास. बहुसंख्य पेशी नापास होतात. आपल्या एम-थ्रीचा निकाल त्यामानाने बराच म्हणायचा.

पास झालेल्यांना थायमसबाहेरचा रस्ता दाखवतो तोही एक स्निग्ध रेणूच, स्फिंगोसिन-१-फॉस्फेट. तो रक्तात जास्त आणि ग्रंथींच्या आत कमी असतो, आणि पेशी कमीकडून जास्तीकडे जातात. पण लसिकाग्रंथीत जंतूची गाठ पडली की जागी झालेली टी-पेशी हा वास घेणारी आपली ग्राही काही दिवस काढून ठेवते. त्यामुळे ती बाहेर पडत नाही, तिथंच वाढते. आपल्याला घसादुखीत मानेला गाठ येते तिच्यात हा भाग असतोच. लस टोचल्यावर काखेत जे जड वाटतं तेही तेच. तिथंच टी-पेशी बी-पेशींना मदत करतात आणि चांगल्या दर्जाच्या अँटीबॉडीज व आठवण तयार होते. भायखळ्याच्या कैद्यांच्या काखेत हेच घडलं.

प्लेगचा जंतू हे सगळं जणू जाणून असतो. पिसवेच्या गार अंगात त्याच्या आवरणातली लिपिड-ए सहा शेपट्यांची असते, माणसाच्या ३७ अंशांत आला की ती चार शेपट्यांची होते, आणि मग आपल्या पेशींवरची धोक्याची घंटा तिला नीट ओळखतच नाही. उंदरांवरच्या प्रयोगात २०१४ मध्ये असंही दिसलं की ज्या पेशी प्लेगच्या जंतूला खातात त्यांच्याच पोटात बसून तो एका ग्रंथीतून दुसऱ्या ग्रंथीत जातो, आणि त्यांना वाट दाखवतो तोच स्फिंगोसिनचा वास. ग्रंथिक सन्निपात हे नाव ज्या वैद्यांनी दिलं त्यांना हे काहीच ठाऊक नव्हतं, पण बोट बरोबर ठिकाणी ठेवलं होतं.

असो. परत १८९७ मध्ये येऊ. तुरुंगातल्या आकड्यांनी मुंबई हलली. तिसरे आगाखान तेव्हा विशीतले होते. त्यांनी लोकांसमोर एकदा नव्हे, अनेकदा लस टोचून घेतली आणि हजारो खोजांना टोचून घ्यायला लावलं. प्रयोगशाळेला जागा पुरेना तेव्हा आपला खुश्रू लॉज दिला. फेब्रुवारी १८९८ मध्ये बडोद्याजवळच्या उंढेरा गावी हाफकिननी आपला सगळ्यात सुरेख प्रयोग केला. गावात प्लेग चालू होता. त्यांनी प्रत्येक कुटुंबाचे दोन भाग केले, अर्ध्यांना लस, अर्ध्यांना नाही. लस घेतलेल्या ७१ जणांत ८ आजारी पडले, ३ गेले. न घेतलेल्या ६४ जणांत २७ आजारी पडले आणि २६ गेले. आज अशी परवानगी कुठलीही समिती देणार नाही, आणि देऊ नये असं माझंही मत आहे. पण त्या २६ जणांमुळे पुढच्या लाखोंना लस मिळाली हेही खरं. हा हिशेब मला अजून सुटत नाही.

१० ऑगस्ट १८९९ रोजी परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये प्लेग रिसर्च लॅबोरेटरी सुरू झाली, उद्घाटन गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांच्या हस्ते. ही वास्तू मुंबईच्या गव्हर्नरांचा राहता बंगला होती. १८८२ मध्ये गव्हर्नर फर्ग्युसन यांची पत्नी याच घरात कॉलऱ्याने वारली आणि गव्हर्नर मलबार पॉइंटला राहायला गेले. कॉलऱ्याने रिकामं केलेल्या घरात कॉलऱ्याची लस काढणारा माणूस येऊन बसला! जिथं मेजवान्या आणि नाच झाले तिथं आता फ्लास्कांच्या रांगा लागल्या. प्लेगने शहराचा नकाशाही बदलला. त्याच धसक्याने १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. दादर-माटुंग्याचे सरळ रस्ते आणि झाडं त्याच ट्रस्टची.

हाफकिन आता वैभवात होते. १८९७ मध्ये सी.आय.ई. हा किताब मिळाला होता. पण सरकारी वैद्यकीय खात्यातल्या अनेकांना ते खुपत होते. डॉक्टरकीची पदवी नाही, रशियन, त्यातून ज्यू, आणि त्याच्या हाताखाली इंग्रज डॉक्टरांनी काम करायचं! शिवाय घरं फोडून माणसं बाहेर काढण्यापेक्षा लस टोचा असं ते सांगत, म्हणजे खात्याच्या मुख्य कार्यक्रमावरच बोट ठेवत.

१९०२ मध्ये पंजाब सरकारने प्रचंड प्रमाणावर लसीकरण ठरवलं. परळवर मागणीचा डोंगर कोसळला. वेळ वाचवण्यासाठी हाफकिननी पद्धत बदलली. कार्बोलिक ॲसिड वगळून निर्जंतुकीकरणाचा सगळा भर उष्णतेवर टाकला. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत हे दोन वर्षं चालू होतं, पण हिंदुस्थान सरकारच्या डॉक्टरांना नवीन होतं. कामात चूक नव्हती. तरी माझ्या मते इतका मोठा बदल चार विरोधकांना समोर बसवून, कागदावर सह्या घेऊन करायला हवा होता. हे शंभरावर वर्षांनी खोलीत बसून सांगायला सोपं आहे, हेही कबूल.

३० ऑक्टोबर १९०२. पंजाबातलं मुल्कोवाल हे गाव, आज ते पाकिस्तानात आहे. पाच बाटल्यांतून १०७ जणांना लस टोचली. आठवड्याच्या सुमारास त्यातल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि एकोणीसही मेले. सगळ्यांना एकाच बाटलीतून लस दिली होती, बाटली क्रमांक ५३-एन. बाकीच्या चार बाटल्यांतली माणसं ठणठणीत. ती एकोणीस माणसं शेतकरी होती, लस घ्या म्हणजे वाचाल या भरवशावर त्यांनी हात पुढे केला होता. हाफकिनांवर झालेल्या अन्यायाच्या गोष्टीत त्यांचा उल्लेख नेहमी आकड्याने होतो, माझ्याही लेखात तसाच झालाय.

चौकशी समिती बसली. अध्यक्ष मुंबईचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स. निष्कर्ष असा निघाला की घाण मुल्कोवालला बूच उघडण्याआधीच बाटलीत होती, म्हणजे परळला शिरली. पुराव्यात एक गोष्ट होती. गावात ती बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता, आणि तो कार्बोलिकच्या पाण्यात नुसता विसळून त्यानेच बूच काढलं. धनुर्वाताचे बीजाणू जमिनीतच असतात आणि असल्या विसळण्याने मरत नाहीत, हे कुठल्याही फर्स्ट इयर मेडिकलवाल्याला विचारा. हा मुद्दा समितीच्या गळी उतरला नाही. हाफकिन पदावरून दूर झाले आणि १९०४ मध्ये लंडनला गेले. परळच्या प्रयोगशाळेचं नाव १९०६ मध्ये बॉम्बे बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी असं बदललं. लस मात्र तीच बनत राहिली. जिच्यासाठी माणसाला काढलं ती वस्तू चालू ठेवायची, हे सरकारलाच जमतं.

डिसेंबर १९०६ मध्ये चौकशीची सगळी कागदपत्रं सरकारी गॅझेटात प्रसिद्ध झाली, आणि ती वाचून शास्त्रज्ञ खवळले. मलेरियाचं डासाशी नातं सिद्ध करून १९०२ चं नोबेल घेतलेले रोनाल्ड रॉस पुढे झाले. त्यांचा युक्तिवाद आपल्याला आवडेल असा आहे. बाटलीत आधीपासून धनुर्वाताचे जंतू असते तर ते इतक्या दिवसांत वाढून विष साठलं असतं. मग एक तर बाटली उघडताच घाण वास आला असता, आणि तो तर कोणालाच आला नव्हता. दुसरं, तयार विष अंगात गेल्यावर माणसं आठवडाभर बरी राहिली नसती. म्हणजे बीजाणू शिरले ते गावात, चिमट्याबरोबर. जुलै १९०७ मध्ये लंडनच्या टाइम्समध्ये रॉस यांच्यासह दहा नामवंतांचं पत्र छापून आलं. पार्लमेंटात प्रश्न विचारले गेले. नोव्हेंबर १९०७ मध्ये सरकारने हाफकिनना दोषमुक्त केलं आणि परत बोलावलं.

परत म्हणजे परळला नाही, कलकत्त्याला. तिथल्या जैविक प्रयोगशाळेचं मोठं पद दिलं, पण लस तयार करण्याची सोय तिथं नव्हती. संशोधन करा, लेख लिहा, असा एकूण प्रकार. गिरणीच्या मास्तराला शोरूममध्ये बसवावं तसं. सात वर्षं त्यांनी असं काढलं. १९१४ मध्ये निवृत्त होऊन ते फ्रान्सला गेले.

पुढचे हाफकिन वेगळेच दिसतात. लग्न केलंच नव्हतं. प्रयोगशाळा नाही, विद्यार्थी नाहीत. ओडेशात ज्या धर्मासाठी नोकरी सोडली त्या धर्माकडे ते पूर्णपणे वळले, कडक आचार पाळू लागले आणि १९१६ मध्ये त्या बाजूने एक लांबलचक निबंधही लिहिला. आयुष्यभर जमवलेला पैसा त्यांनी १९२९ मध्ये एक निधी उभारून पूर्व युरोपातल्या ज्यू धर्मशाळांतल्या मुलांच्या शिक्षणाला देऊन टाकला.

१८९७ ते १९२५ या काळात मुंबईतून प्लेगच्या लशीचे सुमारे २ कोटी ६० लाख डोस बाहेर गेले. १९२५ मध्ये तेव्हाचे संचालक मॅकी यांच्या पुढाकाराने परळच्या प्रयोगशाळेला हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव मिळालं. हाफकिननी युरोपातून आभाराचं पत्र पाठवलं. आयुष्यातली सगळ्यात चांगली वर्षं आपण मुंबईच्या त्या कामाला दिली अशा अर्थाचं काहीतरी त्यात होतं. चौकशीबद्दल नव्हतं. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधल्या लोझान शहरात ते वारले. १९६४ मध्ये आपल्या टपाल खात्याने त्यांच्या नावाचं तिकीट काढलं.

१९३२ मध्ये साहिबसिंग सोखी हे संस्थेचे पहिले हिंदी संचालक झाले. त्यांनी हाफकिनांचीच लस पुन्हा हातात घेतली आणि बकऱ्याच्या मांसाच्या रशाऐवजी दुधातल्या केसीनपासून केलेल्या द्रवात प्लेगचे जंतू वाढवायला सुरुवात केली.